डाव्या अंगाची बटणं

टेमघर, भिवंडी
१४ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. काशीस,
नामाचा आशीर्वाद.

मी इथे बरा आहे. तू, आई, दादा-वहिनी सगळे बरे असाल. पहिली बातमी खोलीची. टेमघरला खोली मिळाली. खिडकी आहे, मोरी आतच आहे, आणि नळ दारापासून हाकेवर आहे. आतापर्यंत आम्ही सहाजण एका खोलीत शिफ्टप्रमाणे झोपत होतो. एक उठला की त्याच्या उबेत दुसरा. ते आता संपलं. भाताची झोडणी उरकली की दिवाळीला येतो आणि परतताना तुला घेऊन येतो. आईला कसं सांगायचं ते तूच ठरव. तुझं डोकं माझ्यापेक्षा चालतं.

लूमचं ठीक चाललंय. लाइट मधेच जाते, मग आम्ही बाहेर येऊन चहा पितो आणि लाइटला शिव्या देतो.

काल विठू आला होता. तबेल्यावर पेंढ्याचा ट्रक खाली करून मला भेटायला आला. चुलतभाऊ असून पहिल्यांदाच आला, म्हणून चहाबरोबर बटरही खाऊ घातलं. म्हणाला, पीक चांगलं आहे, आणि वहिनी, म्हणजे तू, कापणीला सगळ्यांच्या पुढे असते, निळा शर्ट घालून. मी म्हटलं, असेल. आपल्याकडे सगळ्याच बायका कापणीला लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. भाताच्या पात्यांनी हात चिरतात, त्याला दुसरं काय करणार. त्यात नवल नाही.

मग ड्युटीवर उभा असताना आठवलं, माझ्याकडे निळा शर्ट कधी नव्हताच. खाकी होता तो इथे खुंटीला आहे आणि चौकड्याचा माझ्या अंगात आहे.

सहज विचारतो. विचारण्यासारखं काही नाही, पण कागद थोडा उरला होता.

तुझा,
नामा


कोंडपाडा, पो. पडघा
१९ ऑक्टोबर

अहो,
सौ. काशीचा नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव लिहावं लागलं, नाहीतर पोस्टमन पत्र कोणाला देणार. पण तोंडाने घेतलेलं नाही, हे कळावं.

खोलीचं वाचून मी दोनदा पाण्याला गेले. एकदा खरोखर आणि एकदा उगीच, कुणीतरी भेटेल आणि त्याला सांगता येईल म्हणून. मोरी आत आहे म्हणता, मग मला आणखी काय पाहिजे. खिडकी कुठल्या तोंडाची ते लिहिलं नाहीत. स्टोव्ह लागेल. चूल मांडू देतात का तेही विचारून ठेवा. पाटा मी इथून आणणार, तो तिथे चांगला मिळत नाही म्हणतात. आईंचं मी बघते. त्यांना आधी राग येईल, मग त्या मला लोणचं बांधून देतील. त्यांचं ठरलेलं आहे.

आता तुमचा उरलेला कागद. उरलेल्या कागदावर माणूस खाली कोपऱ्यात लिहितं. तुम्ही मधोमध लिहिलंत, आणि 'निळा' हा शब्द इतका गिरवलात की मागच्या बाजूने वाचता येतो. सहज विचारणाऱ्या माणसाची टाकाची निब अशी बसत नाही.

तुम्ही दोन्ही शर्ट भिवंडीला घेऊन गेलात. कापणीला काशी काय घालेल, हे काही तुम्हाला तेव्हा सहज सुचलं नाही. असू दे. शर्ट माझा आहे. कसा, कुठून, ते दिवाळीला आलात की सांगेन. कागदावर नको, कारण मी लिहायला बसले की आई शेजारी येऊन बसतात. त्यांना वाचता येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना बरंच कळतं.

तब्येत जपा. बटर विठूभावजींना घातलंत, स्वतः खाता का?

आपली,
सौ. काशी


टेमघर
२३ ऑक्टोबर

सौ. काशीस,

पत्र पोचलं. खिडकी पूर्वेला आहे.

'शर्ट माझा आहे' म्हणजे काय? बायकांचा शर्ट असतो का कुठे? बायकांचं लुगडं असतं, चोळी असते, आता झंपर आले. शर्ट बाप्याचाच असतो. मी पाच वर्षं कापड विणतोय काशी, मला कापडातलं शिकवू नकोस. बाईच्या अंगात शर्ट दिसला की त्याचा मालक कुठेतरी उघडा बसलेला असतो, हे लहान पोराला कळतं.

नाव सांग म्हणजे झालं. दादाचा असेल तर तसं लिही, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण दादाचा नाही, कारण विठू म्हणाला अंगाला नीट बसत होता, आणि दादाच्या शर्टात तुझ्यासारख्या दोघी मावतील. विठूला मी खोदून विचारलं नाही. तोच आपणहून तीनदा म्हणाला.

मी रागावलेलो नाही. इथे सगळे विचारतात, नामा, जेवत का नाहीस. मी म्हणतो, भूक नाही. खोलीवाल्याला सांगितलंय, जरा थांब, माझं अजून नक्की नाही. तू नीट उत्तर दिलंस की बघू.

नामा


कोंडपाडा
२८ ऑक्टोबर

चि. नामास,
आई पुतळाबाईचा आशीर्वाद.

(आई सांगतायत आणि मी लिहितेय. 'लिही, जसं सांगते तसंच, अक्षर खाऊ नकोस,' असं मला बजावलं आहे. म्हणून तसंच लिहिते. काशी.)

लिव, की नामा, तुज्या बायकोनं गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय. कापनीला निला शरट घालते. इचारला तर म्हनते माजा हाय. मी म्हनलं, तुजा कसा असंल? हसते. लिव, हसते म्हनून.

(लिहिलं.)

मग मी काय केला, तिनं शरट धुवून कुपाटीवर टाकला व्हता, तो काडला. पयला तुज्या दादाला घातला. खांद्यातच अडकला, दादा वरडला. मग मीच चडवला. नामा, मला शरट बसला, पन बटनं लागंनात. बोटं उलटी पडाय लागली. बगितला तं काय, बटनं डाव्या अंगाला आनि काजं उजव्या अंगाला. तुज्या बापाचा शरट मी जलमभर धुतला, बटनं उजव्या अंगालाच असतात. म्हंजे हा शरट डावऱ्या मानसानं शिवून घेतलेला हाय. बारक्या अंगाचा डावरा. आता आपल्या गावात बारक्या अंगाचा डावरा कोन, ते तुला सांगाय नको.

(त्यांना पिठाच्या गिरणीवाले मोरूभाऊ म्हणायचे आहेत. गावात दुसरं कोणी डावखुरं नाही. काल त्यांच्या बायकोने गिरणीच्या दारात त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, आणि पट्टा चालू असल्यामुळे ते काय म्हणाले ते कोणालाच ऐकू आलं नाही. मोरूभाऊंनी उभ्या जन्मात शर्ट घातलेला नाही, बंडी घालतात. पण हे मी माझ्या मनचं लिहितेय.)

काय लिवतेस एवडा? मी तं थांबलीय.

लिव, की आता बायकांनी दलन पडघ्याला न्यायला घेतलाय. मोरूची बायको म्हायेरी जायाची भाषा करते. तू ये आनि काय तो निकाल लाव. पन कामाला काशी वाघ हाय, ते पन लिव. खोटा कशाला सांगू. परवा तिनं बोंबील पन बरं केलते.

तुजी आई,
पुतळाबाई

(वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं उतरवलं आहे. एक शब्द गाळला, तो मोरूभाऊंना उद्देशून होता. मला वेगळं लिहायचं नाही. माझं उत्तर मी १९ तारखेला दिलेलं आहे.)


टेमघर
३ नोव्हेंबर

माझी काशी,

आधी हसून घे, मग वाच. मी इथे एकटा हसतोय आणि शेजारचे दार लोटून बघून गेले.

आईचं पत्र आलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं हे कबूल करतो. मोरूच्या गिरणीला टाळं लावायचं, त्याचा पट्टा कापायचा, असलं बरंच मनात आलं. पण त्याआधी म्हटलं, बटणांचं नक्की करून घ्यावं. आमच्या लूमच्या गल्लीच्या तोंडाशी हबीब मास्तरांचं दुकान आहे. सगळे कारागीर त्यांच्याकडेच शर्ट शिवतात. त्यांना जाऊन म्हटलं, माझ्या एका दोस्ताची भानगड आहे, डावखुऱ्या माणसाचा शर्ट तुम्ही डाव्या अंगाला बटणं लावून शिवता का? मास्तरांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “दोस्त को बोलो, चाय पी के जाए.”

मग म्हणाले, डावखुऱ्यांसाठी वेगळा शर्ट कोण शिवतो? त्यांचा थोरला मुलगाच डावखुरा आहे, तो सगळ्यांसारखाच शर्ट घालतो. “बटन बाएँ तरफ, मतलब जनाना. किसी औरत ने अपने लिए सिया है, बस.”

काशी, मर्दाना कपड्याची बटणं उजव्या अंगाला आणि जनाना कपड्याची डाव्या, हा सगळ्या शिंप्यांचा कायदा आहे. मी पाच वर्षं कापड विणतो आणि मला ठाऊक नव्हतं. आम्ही कापड विणून ताग्यात गुंडाळतो, पुढे त्याचं काय होतं ते आम्हाला कोण दाखवतो?

मी विचारलं, असं का? तर दुकानात माणसं बसलेली, प्रत्येकाची वेगळी अक्कल. एकजण म्हणाला, विलायतेत बड्या घरच्या बायका स्वतः कपडे घालत नसत, समोर उभी राहून मोलकरीण बटणं लावायची, तिच्या उजव्या हाताला सोपं पडावं म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे मोलकरीण नाही, सासू आहे, आणि ती बटणं लावायला गेली तर उलटी पडली. दुसरा म्हणाला, बाप्याची तलवार डाव्या कमरेला, ती उजव्या हाताने उपसताना शर्टाच्या काठात अडकू नये म्हणून. आपल्या गावात तलवार कोणाकडे होती? कोयता असतो, तो मागे आकडीला. तिसऱ्याचं म्हणणं, बाईच्या डाव्या हातावर पोर असतं, म्हणून उजव्या हाताने तिला उघडता आलं पाहिजे. यावर थोडा वाद झाला. आतून मास्तरांच्या घरच्या म्हणाल्या की नवरा-बायको समोरासमोर उभे राहिले की दोघांची बटणं एकाच बाजूला येतात, एवढंच कारण पुरे आहे. मास्तरांना विचारलं, तुमचं काय? ते म्हणाले, उस्तादने शिकवलं तसं कापतो. का ते उस्तादलाही माहीत नव्हतं.

मी असा हलका झालो म्हणून सांगू. येताना अर्धा शेर पेढे घेतले आणि वाटेत एकट्यानेच संपवले.

तर आता आपल्याकडे पक्का पुरावा आहे. हे पत्र आईला वाचून दाखव. मोरूच्या बायकोला दाखव. कोणाला पटत नसेल तर हबीब मास्तरांकडून सही घेऊन पाठवतो, ते देतील. खोलीवाल्याला हो सांगितलंय. दिवाळीला येतो. पाटा बांधून ठेव.

तुझा आणि फक्त तुझा,
नामा


कोंडपाडा
७ नोव्हेंबर

अहो,
सौ. काशीचा नमस्कार.

तुमचं पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. आईंना म्हटलं, खुशाली आहे.

हसा म्हणालात, मी हसले. सासूबाई बटणं लावायला जातात तिथे तर मोठ्याने हसले. तुमच्यासारखं पत्र गावात कोणाच्या नवऱ्याला लिहिता येणार नाही, हे मी बांधापलीकडच्या कमळला सांगितलंसुद्धा. मग पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही.

तुम्हाला पटलं, याचा मला आनंद व्हायला हवा. पण कशाने पटलं? मी लिहिलं होतं, शर्ट माझा आहे. एवढंच वाक्य होतं, अक्षरही चांगलं काढलं होतं. ते तुम्हाला पुरलं नाही. त्यासाठी हबीब मास्तर लागले, त्यांचा मुलगा लागला, विलायतेच्या बायका लागल्या, तलवारी लागल्या. एवढी वरात दारात आली तेव्हा कुठे तुम्ही म्हणालात, काशी खरं बोलते.

आता कसा, कुठून, ते सांगते, कारण आता सांगून काही मिळवायचं नाही. गणपतीत तुम्ही लूमचं कोरं कापड आणलं होतंत ना, उशांच्या अभ्र्यांना म्हणून? तेच ते. मी त्याला नीळ दिली. तुमच्याच हातचं कापड आहे. शिवलं कमळच्या मशीनवर. कल्याणला माहेरी असताना ती शिवणाच्या क्लासला जायची. तिच्याकडे बायकांच्या कपड्यांचे कागदी नमुने आहेत, म्हणून बटणं तिने सांगितली त्या बाजूला लागली. मला कसला कायदा माहीत. आपला आणि कमळच्या घरचा बांधावरून वाद आहे, तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही असं आईंनी सांगितलेलं. मी पाण्याच्या निमित्ताने जात होते. म्हणून कागदावर लिहिलं नाही. एवढंच लपवलं होतं. नवऱ्याचं जुनं अंगात घालायचं तर नवरा जवळ असावा लागतो. तो नाही, म्हणून मी माझ्या मापाचा, माझ्यासाठी एक कपडा शिवला, आणि मला तो इतका आवडला की कापणी नसतानाही घालावासा वाटे.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. समजा कमळकडे बायकांचा नमुना नसता आणि मी दादांच्या शर्टावरून बेतून बटणं उजव्या अंगाला लावली असती. कापड तेच, शर्ट तोच, मीही हीच. मग मी कोण ठरले असते?

म्हणून मी येत नाही. रागाने लिहीत नाही. रडू येतंय आणि लिहितेय, अक्षर बिघडलंय त्यावरून कळेलच. मला त्या खोलीत यायचं होतं हो. पण तिथे शेजारीपाजारी सगळे नवे. आज एकजण काही सांगेल, उद्या दुसरा. दर वेळी तुम्ही कोणत्या मास्तरांकडे जाणार, आणि तोवर मी खिडकीत बसून निकालाची वाट बघणार. इथे निदान आई तोंडावर बोलतात आणि वर जेवायला वाढतात.

दिवाळीला या. घर तुमचंच आहे. पाटा बांधलेला नाही.

आपली,
सौ. काशी


टेमघर
१० नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
नामाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, म्हणजे काशीच तुला वाचून दाखवणार. तिने ते ओटीवर बसून वाचावं, आत चुलीपाशी नको. एकही शब्द गाळू नये आणि मधेच आवाज खाली आणू नये. मोरूची बायको शेजारी असेल तर बरंच, नसेल तर कोणाला तरी पाठवून बोलावून घ्या आणि मग पुढे वाचा.

आई, तो निळा शर्ट काशीचा आहे. तिने स्वतःसाठी, स्वतःच्या हाताने शिवला. कुठे शिवला ते तिला विचारू नकोस. मला माहीत आहे आणि मला काही खटकलेलं नाही, तेवढं तुला पुरे व्हावं.

मोरूचा त्यात काही संबंध नाही. त्याची मी माफी मागतो. दिवाळीला आलो की दळण घेऊन आधी त्याच्या गिरणीवर जाईन आणि चार माणसांत माफी मागेन. गिरणीवाल्या वहिनी, तुमचीही मागतो. माहेरी जाऊ नका, भाऊबीज झाल्याशिवाय तर मुळीच नको.

विठूला सांग, त्याने शर्ट पाहिला ते खरं पाहिलं. चूक पाहणाऱ्याची नव्हती, ऐकणाऱ्याची होती. मी इथे बसून माझ्या बायकोवर संशय घेतला, जेवण टाकलं, नको ते लिहिलं. ते मला झोंबतंय, आणि झोंबावं असंच आहे.

इथे खोली आहे. काशी ती बघायला कधी येईल, येईल की नाही, ते तिनेच ठरवायचं. तू तिला माझ्या बाजूने काही सांगू नकोस आणि मीही विचारणार नाही. ती नाही म्हणाली तर मी रजा काढून गावी येत जाईन.

बटणांबद्दल इथल्या शहाण्या माणसांनी मला बरंच सांगितलं आहे. ते मी तुला लिहीत नाही. तेव्हा गावात कोणी विचारेल, भिवंडीत बसून नामाला कसं काय कळलं? त्याला सांग, काशीने सांगितलं. तो म्हणेल, पण पुरावा काय? तर हेच त्याला पुन्हा सांग.

तुझा,
नामा